ऐनवेळचा रंग

कापड विकत घेणाऱ्या कंपनीच्या तपासनीस बाई टाकीपाशी वाकल्या आणि त्यांनी काठीने तळ खरवडला. रंगखान्याची मालकीण शेजारीच उभी होती. तळाचा गाळ वाळून टणक झाला होता. रंगाचं पाणी इथे दिवसभर निवळू द्यायचं आणि मगच ओढ्यात सोडायचं, असं ठरलं होतं. पण टाकीत कित्येक दिवसांत थेंब पडलेला नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

याआधीचे तिघे तपासनीस चहा घेऊन, कागदावर खुणा करून गेले होते. मालकिणीने पाठ केलेलं उत्तर दिलं. टाकी रोज वापरतो, आज जरा साफसफाई काढलीय. बावीस जणांची घरं या एकाच गिऱ्हाइकावर चालत होती.

बाईंनी कागद मिटून बगलेत धरला आणि त्या तिथल्याच पालथ्या पिंपावर बसल्या.

"ताई, लिहायचं काय ते मी नंतर बघेन. टाकी का वापरत नाही, तेवढं सांगा."

असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मालकीण बोलत सुटली. कंपनीचा रंगच महिना महिना ठरत नाही. ठरतो तोही गाडी भरायच्या तीन दिवस आधी. कालच निळ्याचा हिरवा झाला. रंगवायचं, वाळवायचं, गठ्ठे बांधायचे. त्यात पाणी निवळायची वाट बघत बसलं, तर माल जायचा कसा?

बाईंनी तिथूनच कंपनीच्या खरेदीच्या साहेबांना फोन लावला. साहेब बराच वेळ कारणं देत होते. बाईंनी आवाज चढवला नाही. ओढा आपणच घाण करतोय, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. शेवटी साहेब कबूल झाले. यापुढे रंग तीन आठवडे आधी कळवायचा, मग बदलायचा नाही, आणि हे आजच लेखी द्यायचं. हिरव्या मालालाही चार दिवस वाढवून मिळाले.

मालकिणीने रंगाऱ्याला हाक मारून गाळ उपसायला सांगितलं. बाई उठून फाटकाकडे निघाल्या. त्या बाहेर पडणार, तोच मालकीण लगबगीने मागून आली.

"मॅडम, तुमच्या कागदात एकाच नळाची नोंद आहे," ती हळूच म्हणाली. "मागच्या भिंतीआड दुसरा आहे, टाकी चुकवून थेट ओढ्यात जाणारा. चला, दाखवते."

आणि त्यांच्या उत्तरासाठी न थांबता ती पुढे चालू लागली.