मॅडमची गाडी

काचेपलीकडं गाडीवर फेस चढत होता. आधी छत दिसेनासं झालं, मग दारं, मग नंबराची पाटी. आता तिथं गाडी नव्हती, नुसता पांढरा ढग होता. नागनाथ गुरुजी सोफ्यावर बसून तो बघत होते. बाहेर आदिलाबादचा उन्हाळा पेटला होता, पण शोरूमच्या हॉलमध्ये गारवा होता. भिंतीवरचा टीव्ही आवाज बंद करून चालू होता. इथं बसलं की त्यांचे डोळे जड व्हायचे. मिटले की शेजारची गादी जराशी दबल्यासारखी वाटायची.

आज ती खरोखरच दबली होती. शेजारी यशवंतराव बसले होते.

यशवंतरावांचं बोथ गावात गॅरेज होतं, गुरुजींच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आदिलाबादला सामान घ्यायचं म्हणून ते सकाळी आपणहून गाडीत येऊन बसले. त्यांना नको कसं म्हणणार?

"काऊन येता गुरुजी इतक्या दूर?" ते म्हणाले. "तेल बदलाचं, फिल्टर साफ कराचं. हे काय विलायती काम हाय? अन् काचेच्या आड हे पोट्टे काय करतात, दिसते तरी का तुमाले? माह्याकडं तं बोनेटमदी मुंडकं घालून बसता."

"इथं थंड वाटते."

"थंड! मंग मी कूलर लावतो ना."

गुरुजी हसले. यशवंतरावांचं काही चूक नव्हतं. त्यांच्या हाताला गाडी कळायची. पण त्यांच्या गॅरेजातल्या बाकड्यावर बसलं की रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा आणि आवाज खाली आणायचा. 'बाई गेली तवापासून लय वाळले गुरुजी.' मग कोणीतरी न विचारताच चहा आणून हातात द्यायचा.

बोथमध्ये पंचफुलाबाई वारल्या होत्या. इथं वारल्या नव्हत्या. गाडी त्यांच्या नावावर होती आणि सर्व्हिसचा फोन त्यांच्याच मोबाईलवर यायचा. "पंचफुला मॅडमची गाडी ना?" पलीकडून विचारायचे. "हो, तिचीच. मी नवरा बोलतो," गुरुजी म्हणायचे. पहिल्यांदा ते तोंडातून निघून गेलं होतं. नंतर त्यांनी दुरुस्त केलं नाही.

हे यशवंतरावांना आत्ताच सांगायला हवं होतं. कसं सांगावं ते सुचेना.

"तुमी सामान घेऊन या ना तोवर," गुरुजी म्हणाले.

"दुकान उघडाचं हाय अजून. बसू द्या की थंड्यात. मले काऊन हाकलता?"

फेस ओघळला. ढगातून लाल गाडी बाहेर आली. काउंटरमागची दामिनी उठून त्यांच्याकडं चालत आली. ही भीमपूरची पोरगी. पंचफुलाबाई पूर्वी सोबत यायच्या तेव्हा गाडी होईपर्यंत तिच्याशीच बोलत बसायच्या.

"सर, गाडी झाली तुमची. मॅडम याही वेळी नाही आल्या?"

यशवंतरावांची मान गर्रकन वळली.

"मले कुरोड्या देतो म्हनल्या होत्या," दामिनी हसत म्हणाली. "तुह्या भीमपूरच्या लय खाल्ल्या, आता माह्या हातच्या खाऊन पाह्य म्हने. सांगा त्याईले, मी विसरली नाही."

यशवंतराव सरळ माणूस. गाडीत दम नसेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे, भंगारात घाला. आता ते बोलतील. आणि पंचफुलाबाई इथंही मरतील.

यशवंतरावांनी गुरुजींच्या तोंडाकडं पाहिलं. पाहतच राहिले. मग खाकरले.

"वैनी आजच घालून राह्यल्या कुरोड्या," ते म्हणाले. "गच्चीवर. एवढं चांगलं ऊन सोडून येतीन काय त्या? कावळे हाकलत बसल्या असतीन."

"मंग माह्यासाठी राखून ठेवा म्हना."

"सांगतो. पन त्याईच्या हातानं मीठ जास्त पडते. मांगून मले बोल लावू नको."

दामिनी हसत परत गेली.

गुरुजींना गच्ची दिसली. अंथरलेली पांढरी साडी, तिच्यावर ओल्या कुरोड्या, पाण्याच्या टाकीची अरुंद सावली. सावलीत पंचफुलाबाई बसल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात काडी. मिठाचं ऐकून त्यांनी नाक मुरडलं. मग कावळ्याकडं काडी उगारली.

"चला," यशवंतरावांनी त्यांच्या खांद्याला हात लावला.

बाहेर ऊन अंगावर आलं. गाडी स्वच्छ होती, दाराच्या कडेनं अजून पाणी गळत होतं. दोघं आत बसले. गुरुजींनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"आता कुरोड्या कुठून आणायच्या?"

"आमची घरवाली शकुबाई घालन. जास्तीचं मीठ मी टाकतो."

गुरुजींना हसू आलं, आणि ते हसू मध्येच कुठंतरी मोडलं. यशवंतराव दुसरीकडं बघत राहिले. बोटानं डॅशबोर्ड पुसून पाहिला. धूळ नव्हती.

"गुरुजी, पुढच्या खेपेलेही गाडी इथंच आना," ते म्हणाले. "हे काम माह्या गॅरेजात होत नाही."