नदीला नेलेलं पाणी

"नाव पालथी टाका, दोन दोर आवळा, घंट्याभरात नदीवर," मालमोटारीचा ड्रायव्हर म्हणाला. "बैलगाडीनं जासान तं दिवस बुडंल."

रुपीबाई मोटारीकडं धावलीच. श्रावण भोई मात्र जागचा हलला नाही. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला त्याची नाव दोन उन्हाळे टेकून होती. ती ज्या तळ्यात चाले त्याचा बांध फुटल्यापासून तिला पाणी लागलं नव्हतं. सकाळपासून तो तिच्या फळ्यांच्या सांध्यांत बोथट छिन्नीनं रुई ठासत होता. रुपीबाईनं मघाशी नावेच्या तळाकडून पाहिलं, तर सात ठिकाणी ऊन आरपार दिसलं होतं.

"मोटार नको," श्रावण म्हणाला. "गाडीतून नेऊ. उताणी."

नदी तीन कोसांवर होती. नदीपलीकडच्या तांड्यात रुपीबाईची लेक हंसा होती, पहिलटकरीण. तिला माहेरी आणायचं ठरलं, त्याच आठवड्यात अरुणावती फुगली आणि घाटावरचा डोंगा पुरात गेला. आज पहाटे ती घाटावर गेली, तर जावई हिरासिंग पलीकडच्या काठावरून ओरडत होता. पाण्याच्या गर्जनेत रुपीबाईला दोनच शब्द कळले होते. "याडी" आणि "आडवं".

याडी म्हणजे आई. आडवं म्हणजे काय, ते तिला कुणी सांगायला नको होतं. तीस वर्षं ती सुईण होती. आडवं मूल पोटावरून वळवता येतं, पण गर्भाचं पाणी जायच्या आत. ते गेलं की हात काही करू शकत नाहीत. अशा दोन बाया तिच्या हातांखाली गेल्या होत्या. त्यांची नावं ती कधी उच्चारत नसे.

तिचा नवरा खेमसिंग यानं गाडीच्या बाजू काढल्या, खाली कडबा अंथरला. चौघांनी नाव वर चढवली. मग श्रावणनं हौदाच्या बादल्या भरभरून नावेत ओतायला सुरुवात केली.

"बुवा, नदीले पाणी नेऊन राह्यला का?" ड्रायव्हर हसला. "तिथं कमी पडलं काय?"

श्रावण बादल्या ओततच राहिला. नावेत वीतभर पाणी झालं, तेव्हा ते हिंदकळू नये म्हणून त्यानं वर गोणपाटं सोडली. मोटार धूळ उडवत निघून गेली. या माणसाला पाण्यात उतरायचंच नाही, रुपीबाईला वाटलं. वेळ काढतोय. घाटावर पोचलो की म्हणेल, आता अंधार पडला, उद्या पाहू.

"काहून उशीर करून राह्यला, श्रावणभाऊ? माही पोरगी मरंल."

"तुमच्या कामात घाई चालते का, बाई?"

दारात येरझारा घालणाऱ्या बाप्यांना ती स्वतः हेच ऐकवत आली होती. पण ऐकवणं वेगळं. ऐकून घेणं वेगळं.

गाडी निघाली. ओझ्यानं बैलांच्या माना खाली गेल्या. रुपीबाई मागून चालत होती. नावेच्या तळातून पाण्याच्या धारा कडब्यातून खाली लागल्या होत्या, आणि वाळल्या रस्त्यावर गाडीमागं ओली रेघ उमटत होती. या नावेत बसून आपण नदीत जाणार. ओढ्यावर श्रावणनं गाडी थांबवून आणखी चार बादल्या ओतल्या. खेमसिंगनं बायकोकडं पाहिलं आणि मान फिरवली.

दुसऱ्या कोसाला धारा तुटून थेंब झाले. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून रुपीबाई थेंब मोजू लागली. एका पावलाला तीन थेंब. मग पावलाला एक. मग तीन पावलांना एक. घाटाचा उतार आला, तेव्हा तिनं वीस पावलं मोजली, तीस मोजली. थेंब पडलाच नाही.

संपलं पाणी. म्हणजे भोकं आहेत तशीच आहेत.

गाडी थांबली. समोर नदी लाल, रुंद, झाडांचे बुंधे लोटत चाललेली. ऊन अजून काठावर होतं. वारा आता इकडं वाहत होता; पलीकडून हिरासिंगचा आवाज या वेळी नीट आला, "याडी, पाणी नाही गेलं अजून."

रुपीबाई चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन चढली. तिनं गोणपाट बाजूला केलं. तिचा हात मनगटापर्यंत बुडाला. पाणी वीतभर होतं. ओढ्यावर होतं तेवढंच.

तिनं श्रावणकडं पाहिलं. तो कमरेला पंचा आवळत होता.

नाव कलंडवून त्यांनी पाणी नदीत सोडलं. श्रावणनं कोरड्या गोणपाटानं तळ पुसून घेतला. रुपीबाई आत बसली. तिच्या डोळ्यांसमोर अजून ती सात उन्हं होती. मधल्या धारेत नाव गरकन फिरली, एक बुंधा हातभर अंतरावरून गेला, आणि तिनं डोळे मिटून तळहात तळावर ठेवला, बाईचं पोट चाचपावं तसा. फुगून मिटलेल्या सांध्यावरून बोटं फिरवली. एकदा. पुन्हा एकदा. बोटांना पाणी लागलं नाही.

"गाडीच काहून पाह्यजे होती," ती डोळे न उघडता म्हणाली, "सकाळीच सांगायचं होतं नं."

श्रावण वल्हं मारत होता. धार ओलांडली, तेव्हा त्यानं वल्हं सैल धरलं.

"सुकली नाव मधल्या धारेत पाणी पेते, बाई. म्हणून तिले रस्त्यानं पाजत आणलं."