उदासिनीकरण

लिंबाचे थेंब पडले आणि वाटीतलं लालभडक कुंकू पिवळं झालं. आठवीचा वर्ग बाकांवरून पुढे झुकला.

"बाई, हा अपशकुन ना?" केतकीनं विचारलं.

"अपशकुन कसला? कुंकू म्हणजे हळद आणि चुना. चुना आम्लारी, लिंबू आम्ल. दोघांनी एकमेकांना शांत केलं आणि मूळची हळद तेवढी उरली. यालाच उदासिनीकरण म्हणतात."

"म्हणजे दोघं उदास होतात?"

रेगेबाई हसल्या. नवरा गेल्यापासून त्या वर्गात पहिल्यांदाच हसत होत्या. "नाही गं. भांडण मिटतं."

संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू होतं. केतकीची आई करंडा घेऊन सगळ्या बायकांना कुंकू लावत आली. रेगेबाईंच्या हातावर मात्र तिनं नुसता तिळगूळ ठेवला आणि ती पुढे सरकली. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

केतकीनं आईच्या हातातून करंडा घेतला आणि बाईंसमोर धरला.

"बाई, हळद आणि चुनाच आहे. लावू?"

सगळ्या बायका बघत राहिल्या. बाईंनी चष्मा सारखा केला.

"लिंबू पिळून तपासलंस?"

"हो बाई. अस्सल आहे."

"मग लाव," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाळ पुढे केलं.