आवाज विरायला लागणारा वेळ

रजया दोन. भिंतीला टेकवलेली गादी एक. ड्रमचा संच, दोन अ‍ॅम्प्लिफायर, माइकचे तीन स्टँड, एक प्लास्टिकची खुर्ची. प्रणोतीने यादीवरून दुसऱ्यांदा बोट फिरवलं. मार्चमध्ये पहिली सात गाणी रेकॉर्ड झाली तेव्हा खोलीत जे होतं, तेच आजही होतं, जिथल्या तिथे. तरी कालचं आठवं गाणं वेगळं वाजत होतं.

"खोली जास्त घुमून राहिली," ती म्हणाली. "सात गाण्यांनंतर हे लागलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल गाणारा दुसऱ्याच घरात गेला."

"चार वर्षं झाली या अल्बमला, यार," अमेय म्हणाला. "शेवटचं गाणं आहे. जाऊ दे ना."

विजय नगरातल्या घराची मागची खोली हा त्यांच्या बँडचा स्टुडिओ. अमेय ड्रम वाजवायचा, त्याचा मोठा भाऊ सौमित्र गायचा, आणि भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली प्रणोती शेजारच्या अडगळीच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून रेकॉर्ड करायची. सात गाणी झाली आणि बरगीच्या रस्त्यावर सौमित्रची मोटारसायकल ट्रकखाली गेली. नऊ दिवस अमेय हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून होता. दहाव्या दिवशी सकाळी तो अंघोळीला घरी आला, तर सौमित्र पुढच्या ओट्यावर बसलेला. चालत आलो, म्हणाला. आईने दृष्ट काढली. हॉस्पिटलचे फोन येत राहिले. न सांगता पेशंट निघून आला म्हणून रागावतील, या भीतीने अमेयने एकही उचलला नाही.

काल सौमित्र आठवं गाणं एका दमात गायला. आधीच्या गाण्यांत ओळींमधले श्वास कापता कापता प्रणोतीचे डोळे दुखले होते. यात कापायला एकही सापडला नाही.

"मोजून बघते," ती म्हणाली. "माणूस आवाज शोषतो. कपडे, केस, अंग, सगळंच. आत माणूस असला की आवाज लवकर विरतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये काही चुकलं असेल तर ते कळेल, दुरुस्त करता येईल. नाही तर हे गाणं टाकून द्यावं लागेल."

"माझा भाऊ परत आला, आणि तू खोली मोजून राहिली?" अमेयचा आवाज चढला. मग तो खाली बघत म्हणाला, "गाणं टाकायचं नाही. तो पुन्हा गाईल की नाही, कोणाला माहीत. मोज."

सौमित्र दारात उभा राहून ऐकत होता. तो हसला. "काहून गं, आता एक्सरे पण काढते का?"

"फक्त दोन मिनिटं, दादा."

खोलीतल्या स्पीकरमधून टाळीसारखा एक कोरडा आवाज सोडायचा आणि तो पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते बघायचं, एवढंच काम होतं. आधी तिने रिकामी खोली मोजली. ०.६० सेकंद. मग अमेयला एकट्याला आत उभं केलं. ०.५७. अमेय बाहेर आला. पुन्हा रिकामी खोली, पुन्हा ०.६०. मोजमाप बरोबर होतं.

"चलो, आता माझा नंबर," म्हणत सौमित्र आत गेला आणि माइकसमोर उभा राहिला. प्रणोतीने दार लावलं. दाराच्या काचेतून त्याने अंगठा दाखवला. अमेयनेही दाखवला.

तिने बटण दाबलं. आकडा बघितला. स्पीकरची वायर तपासली आणि पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा.

"किती आलं?" काचेवरची नजर न काढता अमेयने विचारलं.

तिन्ही वेळा ०.६०.