रेघ नसलेली ओळ

द हेगच्या अर्काइव्हमध्ये फक्त पेन्सिल चालते, म्हणून मी पेन्सिलीनंच चोरी पकडत होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कादंबरीत आईनं परदेशी गेलेल्या मुलाला लिहिलेलं पत्र आहे. ते लेखिकेनं माझ्यासमोर ठेवलेल्या, एका डच आईच्या खऱ्या पत्रावरून उचललं होतं. कादंबरीच्या झेरॉक्सवर मी उचललेल्या ओळींखाली रेघा मारत गेले. दुपारी नवऱ्याला फोन केला. "सरळ कॉपी-पेस्ट आहे," ऋषभ म्हणाला. "लिही बिनधास्त." मी प्रबंधाच्या प्रकरणाला मथळा दिला: 'वाङ्मयचौर्य'. मग डच पत्र उलटून पाहिलं. मागे न्यूयॉर्कचा शिक्का होता, त्याखाली कुणीतरी खरडलं होतं: 'मुलगा बोटीवरच वारला. आता हे कुणाला द्यायचं?' पुन्हा झेरॉक्स हातात घेतली. पानभर रेघा होत्या. फक्त शेवटच्या ओळीखाली नव्हती. तेवढी लेखिकेची स्वतःची. ती वाचून मी मथळा खोडला. 'संध्याकाळी पत्र मुलाला मिळालं. त्यानं दोनदा वाचलं.'