डावीकडची सीट

टॉवेल उचलला, तर खालच्या बिस्किटाचा पार भुगा झालेला.

बिस्किट तिनेच ठेवलं होतं, सकाळी, नवरा ऑफिसला निघायच्या आधी. युक्ती धाकट्या बहिणीची. "आख्खं सापडलं तर भावोजी देवमाणूस," ती फोनवर म्हणाली होती, "आणि चुरा झाला तर मला लगेच फोन कर." आता संध्याकाळी बाळाची बाटली गाडीत राहिल्याचं निमित्त करून ती खाली पार्किंगमध्ये आली होती. ड्रायव्हरशेजारची, डावीकडची सीट. रोज एकटा जाणारा नवरा. आणि हा भुगा.

त्यांच्या गाडीला सीट कव्हरं नव्हतीच. सीटच्या कुशीतही एअरबॅग असते आणि घट्ट कव्हर घातलं तर ती वेळेवर उघडत नाही, हे तिने पोटुशी असताना कुठेतरी वाचलं होतं. त्या दिवसापासून कव्हर बंद. मागे जुनी चादर, पुढे दोन टॉवेल, पाठीला काहीच नाही. दर रविवारी ती ते काढायची, धुवायची, कडा सीटच्या फटीत खोचून पुन्हा घालायची. नवरा हसायचा. म्हणायचा, गाडी आहे की पाळणाघर!

तोच नवरा गेले दोन महिने आठवड्याच्या मध्येच टॉवेल बदलत होता. फक्त डावीकडचा. स्वतः धुऊन, स्वतः वाळत घालून. ज्या माणसाला घरात स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो! सीटला जंतुनाशकाचा वास. एकदा तर हात लावला तेव्हा सीट चक्क ओलसर. गेल्या आठवड्यात टॉवेलखाली बाळाचं रबरी कापड निघालं. कोण एवढी नाजूक लागून गेली होती, की तिच्यासाठी गादी अंथरायची?

"ताई, पाणी मुरतंय कुठेतरी," बहीण म्हणाली होती. "पुरुष अचानक टापटीप झाला की समजावं."

आणि उजवीकडची सीट? तीही रोज पुढे सरकवलेली. एवढी पुढे, की त्याचे लांब पाय तिथे मावणारच नाहीत. म्हणजे बया गाडीही चालवते! वर रविवारी फिरायला निघालं की हा तिच्याच हातात किल्ली द्यायचा. "तू चालव, तुझा हात बसू दे." तिला आधी कौतुक वाटलं होतं. आता कळत होतं, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मन खातंय त्याला.

बहिणीला तिने फोन केला नाही. रात्रभर बाळाच्या अंगावर हात ठेवून पडून राहिली. बाबाशिवाय बाळ कसं वाढवतात, याचा हिशोब काही जुळेना.

सकाळी तो निघाला. ती बाळाला कडेवर घेऊन जिन्याने खाली उतरली आणि खांबाआड उभी राहिली.

गाडीजवळ एक बाई वाट बघत होती. बाईने हात पुढे केला, त्याने किल्ली दिली. बाई उजवीकडे बसली, सीट ओढून पुढे घेतली. तो डावीकडे गेला. टॉवेल सारखा केला आणि त्यावर स्वतःच बसला.

हिने जाऊन काचेवर थाप मारली. "कोण ही?"

आतली बाई घाईघाईने उतरली. पन्नाशीची, बुटकी, केसांना चापून तेल. "अगं बाई! तुम्हीच का त्या?" तिचा चेहरा खुलला. "बरं झालं भेटलात. साहेब म्हणाले होते, बायकोनंच ड्रायव्हर ठेवायला लावलाय म्हणून. बरोबर केलंत, ताई. फिट येणाऱ्या माणसाच्या हातात गाडी द्यायचीच नसते. परवा सिग्नलला आली तेव्हा तर मी..."

"मावशी," तो म्हणाला. "दोन मिनिटं जरा बाजूला थांबता?"

मावशी लिफ्टपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्याने दार उघडलं, पण सीटवरच बसून राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून.

"पहिली ऑफिसात आली," तो म्हणाला. "मग गाडीत, चार-पाचदा. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, आटोक्यात येईल. पण फिट आली की भान राहत नाही गं. खालचं ओलं होतं. सीट तरी खराब होऊ नये म्हणून..." तो टॉवेलच्या कडेशी चाळा करत राहिला.

तिच्या डोक्यातून ती नाजूक बया केव्हाच नाहीशी झाली होती. "मला का नाही सांगितलंस?"

"तू पिल्लूला माझ्याजवळ दिलं नसतंस."

"काहीतरीच!"

"मी उभ्याने घेतच नाही त्याला. बघ तू आठवून. दोन महिने खाली सतरंजीवर बसूनच घेतो. आंघोळ घालायचीही तुझ्यावरच सोडली. आळशी म्हणालीस, म्हटलं म्हणू दे."

बाबाचा आवाज ऐकून बाळ खिदळलं. दोन्ही हात पसरून उघड्या दारातून त्याच्याकडे झेपावलं.

"दिलं असतं की," ती म्हणाली. "का नसतं दिलं?"

पण बाळ रडायला लागलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण त्याला छातीशी आवळून धरलंय आणि गाडीपासून दोन पावलं मागे सरलोय.