रोमुलोची खुर्ची

"ती कोपऱ्यातली खुर्ची सोडून कुठेही बसा गं!" इसिंग चुलीपासूनच ओरडली.

पाच बायका दाराशी थबकल्या. अंगात काळे नाहीतर पांढरे कपडे. इसिंगने ओळखलं, मयताहून आल्यात. आखातातल्या मनामा शहरातल्या फिलिपिनो माणसांत मयताहून सरळ घरी कुणी जात नाही. गेलेला मागोमाग येतो म्हणतात. आधी कुठेतरी टेकायचं, चार घास खायचे, त्याला तिथेच उतरवायचं आणि मग आपलं घर गाठायचं. इसिंगच्या खानावळीला अशी गिऱ्हाइकं नवी नव्हती. कोण गेलं, हे मात्र ती कधी विचारत नसे. नाव घेतलं की तो ओ देतो, असं तिची आई सांगायची.

"सोडा बाई, माझ्याकडे सोडा," ती हसली. "जिवंत माणूस दोन वर्षांत फिरकलं नाही, मेलेलं तरी येऊ दे!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग म्हातारी पुरिंग हसली, तशा बाकीच्याही हसल्या.

"आज फार खुशीत दिसतेस, ताई," बेलेन म्हणाली.

"दिसणारच. बुधवारी रोमुलोचा फोन आला होता. म्हणाला, चुकलो, शुक्रवारी घरी येतो. सिनिगांग करून ठेव."

रोमुलो तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी तो मरिलूच्या खोलीवर राहायला गेला. तेव्हापासून इसिंगने चर्चमधली मेणबत्ती एकदाही चुकवली नव्हती. आज सिनिगांगच्या चिंचेच्या आंबट रश्श्यात टपोरी कोळंबी होती, आणि त्याला आवडतो म्हणून मुळा जरा जास्तच.

"बेलेन, तू तर मरिलूच्याच इमारतीत राहतेस. काय म्हणते ती?"

बेलेनने पुरिंगकडे पाहिलं. "रडतेय. कालपासून."

"रडू दे की! दोन वर्षं मी रडले, तेव्हा आली होती का डोळे पुसायला? देवाच्या काठीला आवाज नसतो."

"नसतो बाई," पुरिंग म्हणाली आणि वाटीत भात कालवू लागली.

बायका पोटभर जेवल्या. एकीने भांड्यात डोकावून पाहिलं. "अजून आहे की!"

"त्याला हात नाही लावायचा. ते त्याचं."

"आणि आलाच नाही तर?"

बेलेनने तिला कोपराने ढोसलं. पुरिंग मात्र शांतपणे म्हणाली, "येईल. आज तो येणारच."

इसिंगच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "तुझ्या तोंडात साखर पडो, आजी!" एवढ्या एका शब्दासाठी तिने सगळ्यांना नारळाच्या दुधातली खीर आपल्यातर्फे वाढली.

खीर खाऊन झाली तशा बायका उठल्या.

"उरलेली खीर बांधून देऊ?" इसिंगने विचारलं.

"नको, नको," सगळ्या एकदम म्हणाल्या. चौघी मागे न बघता भराभरा बाहेर पडल्या.

इसिंगने रस्सा पुन्हा गरम केला. मोठी वाटी काठोकाठ भरली, कोपऱ्यातल्या खुर्चीपुढे ठेवली, चमचा सरळ केला आणि समोर बसली.

पुरिंग उंबऱ्यात थांबली होती. तिने एक खांदा झटकला, मग दुसरा. मग हलकेच म्हणाली,

"उतर रे रोमुलो. बायको वाढून बसलीय."